गाठ सुटली नव्हती

एक वेळ माझ्या ताटातला घास कुणी उचलला तर मी समजून घेईन. पण माझ्या रिळावरची दोरी मला न विचारता काढायची? आणि तीही नवऱ्याने? मी त्या दिवशी त्याला तलावात ढकललं नाही, हे मी फार मोठं मन केलं असं मला अजून वाटतं.

माझं पोटच दोरीवर आहे हो. हॅचेट बेंड तलावाच्या काठाला मासेमारीच्या सामानाचं जे दुकान आहे, त्यातलं मागचं काउंटर माझं. लोक आपापली रिळं आणून ठेवतात, मी त्यावर दोरी भरून देते आणि आमिषाची गाठ मारून देते. अख्ख्या तालुक्यात कुणाला विचारा, मिस व्हर्लीनने, म्हणजे मी (लग्न झालं तरी आमच्याकडे बाईला मिसच म्हणतात), मारलेली गाठ सुटली असं एक माणूस सांगणार नाही. दुकानदाराला मी परवडते ती तेवढ्याचसाठी. उद्या लोकांचा माझ्या गाठीवरचा विश्वास उडाला, तर त्या काउंटरवर माझ्याऐवजी एखादा बाहुला बसवला तरी चालेल.

गिऱ्हाईक आलं की मी एकच विचारते, तळाला काय आहे? लोक भलतंच सांगायला लागतात. टीव्हीवर अमुक माणूस तमुक दोरी वापरतो म्हणे. अरे, टीव्हीवरचा माणूस येणार आहे का तुझ्या बोटीत? जिगसारखं जड आमिष तळाशी खरडत, टणटण आपटत आणायचं असेल, तर तळ बघून दोरी घ्यायची. साधी नायलॉनची तंगूस घेतलीस तर ती तरंगते आणि रबरासारखी ताणते. खाली माशाने आमिष तोंडात धरून थुंकून टाकलं तरी तुला पत्ता नाही. गवत असेल तर विणलेली दोरी घे, बिनधास्त घे, ती गवत कापत येते. पण खाली दगड असेल, शिंपले असतील, तर विणलेली दोरी म्हणजे आत्महत्या. एक कड लागली की धागा न् धागा सुटतो. तिथे फ्लोरोकार्बनची दोरीच पाहिजे. ती पाण्यात बुडते, अंगाने कडक असते, आणि दोरी ढिली असली तरी तळाची खबर बोटापर्यंत आणते. बास मासा जिग उचलतो तेव्हा दोरी नेमकी ढिलीच असते ना!

हे सगळं मी डॉयलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लग्नाच्या आधीपासून सांगत आलेय. त्याला कळतही होतं. पण कागदाच्या गिरणीने त्याला घरी बसवलं आणि माणूस बदलला. घरात नुसता या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. मग यंदा थंडीत थंडरकोर नावाच्या दोरीच्या कंपनीचा एक गुळगुळीत पोरगा आला, प्रेस्टन. डॉयलला म्हणाला, तुम्ही आमचे माणूस. एक जर्सी दिली, छातीवर कंपनीचं नाव, पाठीवर डॉयलचं. एक मलाही दिली, माझ्या पाठीवर काहीच नाही. डॉयलने ती जर्सी घालून चर्चला जायचं फक्त बाकी ठेवलं होतं.

आता थंडरकोर बनवते काय, तर फक्त विणलेली दोरी. दुसरं काही नाही. मी म्हटलं, तुझ्या गळाच्या काठ्यांना लाव हवी तितकी, माझ्या रिळाला हात लावायचा नाही. तो म्हणाला, छे गं, तुझ्या रिळाला कशाला हात लावू?

मे महिन्यात आमच्याकडे नवरा-बायकोंची स्पर्धा असते. एका बोटीत एक जोडपं, दोघांचे मिळून पाच मासे, वजन जास्त त्याची ट्रॉफी. उजाडता उजाडता आम्ही धक्क्यावर बोट उतरवली, मी माझी काठी हातात घेतली आणि बघतच राहिले.

"डॉयल, माझ्या रिळावर हा पोपट कुणी बसवला?"

हिरवागार, डोळ्यांत खुपणारा. थंडरकोर.

"अगं, काल तू दुकानात होतीस ना, तेव्हा सगळीच बदलून टाकली," तो मोटरीकडे बघत म्हणाला. "करारच आहे तसा. बोटीत दुसऱ्या कंपनीची दोरी दिसता कामा नये."

"माझी फ्लोरोकार्बन कुठाय?"

"गॅरेजमध्ये आहे. फेकली नाहीये काही."

"उपकार झाले! आणि जायचंय कुठे? शिंपल्यांच्या पट्ट्यावरच ना?"

"मोठे मासे तिथेच आहेत, तूच म्हणालीस."

"मी म्हणाले! मी हेही म्हणाले होते की तिथे ही दोरी घेऊन जाणारा ठार वेडा असतो!"

शेजारच्या बोटीतून नॅडीन पिकेट सगळं ऐकत होती. तिला ऐकू यावं म्हणूनच मी ओरडत होते म्हणा. ती म्हणाली, "व्हर्लीन, माझ्याकडे आहे फ्लोरोकार्बन. दोन वाव घे आणि पुढे जोडून टाक." तेवढ्यानेही काम भागलं असतं. शेवटचा तुकडा फ्लोरोकार्बनचा असला की शिंपल्यावर तोच घासतो. मी हात पुढे केला, नॅडीनने तुकडा पुढे केला, आणि आमच्या शहाण्याने मोटर सुरू करून बोट मागे घेतली. का, तर धक्क्यावर प्रेस्टन फोटो काढत उभा होता.

"आपला नंबर पुकारला," डॉयल म्हणाला. कुठला पुकारला? अजून चार बोटी आमच्या पुढे होत्या.

मी गाठ मारली. राग आला म्हणून मी गाठीवर राग काढत नाही. विणलेली दोरी गुळगुळीत असते, तिला वेगळी गाठ लागते, दुहेरी घेऊन. मी ती घेतली, थुंकीने ओली केली, आवळली, दोनदा खेचून पाहिली. डॉयलने पाहिलं मी खेचताना.

सकाळभर बरं चाललं. डॉयलने गवताच्या कडेने चार चांगले मासे काढले, मी एक काढला. पाच झाले, बोटीतली माशांची टाकी भरली. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लहान मासा सोडून त्याच्या जागी मोठा ठेवता येतो, म्हणून दुपारी आम्ही शिंपल्यांच्या पट्ट्यावर आलो. नदीच्या जुन्या पात्राच्या काठाला तळात मोठमोठे शिंपले पसरलेले आहेत, वरून काही दिसत नाही. मी जिग टाकली. तळाला लागली तशी खरड खरड जाणवायला लागली. म्हटलं, देवा, एवढी एक वेळ निभावून ने.

आणि मग खरड थांबली. काठीला एक बारीकसा टोला आला. मी दोरी आवरली आणि हिसका दिला, तर काय सांगू, जणू तळच हलला! मासा एकदाच वर आला. तोंड उघडून, डोकं झटकत. डॉयल ओरडला, "बाप रे, व्हर! दहा पौंडांच्या वर आहे गं!" एवढा मासा मी जन्मात गळाला लावला नव्हता, त्या तलावात फारच थोड्यांनी लावलाय. त्याने बुडी मारली, पट्ट्याच्या कडेवरून पलीकडे गेला, दोरी शिंपल्यावर टेकली ते मला काठीच्या मुठीत कळलं, आणि झालं. काठी सरळ. दोरी ढिली.

मी रीळ गुंडाळलं. टोक हातात घेतलं. टोक पिंजलेलं होतं, झिजलेल्या टूथब्रशसारखं, धागे चहूकडे. गाठ सुटली तर टोक तसं येत नाही. गाठ सुटली तर ते गोल वळलेलं येतं, डुकराच्या शेपटीसारखं. हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं. मी टोक डॉयलच्या नाकासमोर धरलं.

"बघ. डोळे भरून बघ तुझी थंडरकोर."

त्याने बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मी बोटीत बसून रडले, रागाने रडले. त्याने काठी माझ्या हातातून अलगद काढून बाजूला ठेवली. मला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटलंय. बिचारा म्हणे! कपाळ माझं.

परत आलो. माझ्या पिशवीत मासे, ते मी वजनासाठी पाण्याच्या टबाशी घेऊन गेले. डॉयल बोट बांधतो म्हणून मागे राहिला. मग आम्हाला मंचावर बोलावलं. समोर सगळी जोडपी, त्यांचे आईबाप, पोरं, उकडलेल्या शेंगांचे पुडे, बर्फ घातलेल्या गोड चहाचे उंच ग्लास. आमच्याकडे मंचावर गेलं की आधी आभार मानायचे असतात. देवाचे, मग बोटीच्या कंपनीचे, मग मोटरीचे, मग दोरीचे. डॉयलने देवाला एका वाक्यात उरकलं आणि थंडरकोरला पाच दिली.

माइकवाला रॅन्डल म्हणाला, "आणि एक राक्षस निसटला असं ऐकलं, डॉयल?"

डॉयलने माझ्याकडे नाही, खाली प्रेस्टनकडे बघितलं. हसला.

"हो ना. आमच्या बाईची गाठ सुटली. होतं कधी कधी माणसाकडून. दोरी मात्र एक नंबर!"

लोकांच्या तोंडून "अरेरे" निघालं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मी त्या दिवशी अनुभवली. आणि तेवढ्यात मला लुथर पिकेट दिसला, नॅडीनचा नवरा. गुरुवारीच मी त्याची रिळं भरून, जिगा बांधून दिल्या होत्या. त्याने हळूच आपल्या काठीची जिग चिमटीत धरली आणि गाठ ओढून पाहिली. माझी गाठ! त्याच्या बाजूच्याने पाहिलं आणि त्यानेही ओढून पाहिली. एका वाक्यात, हो. माझी सगळी कमाई एका वाक्यात.

मी मंचावरून उतरले ती तडक बोटीकडे. म्हटलं, ते पिंजलेलं टोक आणते आणि रॅन्डलच्या हातात देते, तो सांगेल ना माइकवरून. काठी काढली. टोक नव्हतं. पिंजलेला भाग कात्रीने सरळ कापलेला, आणि वर एक नवी जिग बांधलेली. डॉयलच्या हातची गाठ. मी दोन बोटांनी ओढली, तर ती घसरली.

म्हणजे तो घाबरून बोलून गेला नव्हता. त्याने आधी कापलं होतं, मग तो मंचावर चढला होता.

एवढ्यात निकाल पुकारला. आम्हीच पहिले. त्या राक्षसाशिवायसुद्धा पहिले. पण आमच्याकडे पहिला आला की लगेच ट्रॉफी देत नाहीत. लोक माशांच्या पोटात शिसं भरतात, आदल्या दिवशी मासे पकडून लपवून ठेवतात, म्हणून जिंकणाऱ्याला खोटं पकडायच्या यंत्रावर बसवतात. दोघांतलं कोण बसणार याची चिठ्ठी टाकली, डॉयलचं नाव निघालं. वाहनतळावर पांढरी कॅम्पर गाडी उभी होती, तिथे मिस्टर ओडम यंत्र घेऊन बसतात. शेरिफच्या कचेरीतून निवृत्त झालेला वयस्क, शांत माणूस.

थोड्या वेळाने दार उघडलं. "मिस व्हर्लीन, जरा आत येता का?"

आत डॉयल बसलेला, छातीला पट्टे, बोटांना वायरी, जर्सी घामाने चिकटलेली. मिस्टर ओडमनी चष्मा काढला. "नियम मोडलात का, नाही. माशात काही भरलंत का, नाही. सगळं स्वच्छ आहे. पण शेवटचा प्रश्न, आज कुठल्याही माशाबद्दल खोटं बोललात का, तिथे हे नाही म्हणतात आणि सुई उडते. परत विचारलं, परत उडाली. मला नापास लिहावं लागेल. मग दोघांवरही लबाडीचा शिक्का बसेल, बाई."

डॉयलने माझ्याकडे बघितलं. नजर अशी, की व्हर, तूच सांग ना. म्हणजे याने खोटं बोलायचं, आणि खरं बोलायचं कामही मीच करायचं!

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "तोंड तुझं आहे. सांग."

त्याने बोटांच्या वायरींकडे बघितलं. मग पुटपुटला, "गाठ सुटली नव्हती. दोरी तुटली. मी टोक कापलं."

मिस्टर ओडमनी मान हलवली, परत विचारलं, "हे सोडून आज कुठल्याही माशाबद्दल खोटं बोललात?" नाही. सुई गप्प. "ठीक आहे, पास. आणि काळजी करू नका, इथे बोललेलं इथेच राहतं. तसा नियमच आहे."

वा रे नियम! खोटं भर मंचावर, आणि खरं कॅम्परमध्ये, दार लावून.

बाहेर आल्यावर डॉयलने माझा हात धरला. "चुकलो गं, व्हर. खरंच चुकलो. चल आता, बोलावतायत."

"माइकवर बोललास, माइकवरच परत घे."

"अगं, प्रेस्टन समोर उभाय. कंपनीचा मोठा साहेबही आलाय त्याच्याबरोबर." त्याने अंगातली जर्सी चिमटीत धरली. "गिरणी सुटल्यापासून माझं नाव कुठे लिहिलंय का, सांग. या जर्सीवर लिहिलंय. घरी गेल्यावर तू म्हणशील ते करतो."

मला कळत नव्हतं असं नाही. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाणारा माणूस मीच बघत होते ना रोज. पण त्याचं नाव राहावं म्हणून माझं पुसायचं?

"माझंही एक नाव आहे, डॉयल," मी म्हटलं. "ते कुठल्या जर्सीवर नाही, लोकांच्या तोंडात आहे. तिथे तू चिखल टाकलास. घरी येऊन काय पुसणार आहेस?"

आणि मी गेले नाही. ट्रॉफी घ्यायला जोडप्यातल्या दोघांना मंचावर उभं राहावं लागतं, तसा नियमच आहे म्हटलं. मी जर्सी काढून आमच्या ट्रकच्या मागच्या फळीवर टाकली, आतल्या साध्या बनियनवर तिथेच बसले आणि शेंगा सोलून खायला लागले. रॅन्डलने मला पुकारलं. परत पुकारलं. लोक माना वळवून बघायला लागले. नॅडीन धावत आली.

"अगं, काय झालं? यंत्रात काही निघालं का?"

"त्याला विचार," मी म्हटलं. "तो उभाय ना वर."

डॉयल एकटा मंचावर. हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. लोकांत कुजबुज वाढली, कुणीतरी स्पष्ट म्हणालं, लबाडी केली असणार. ते मात्र त्याला लागलं. आमच्याकडे माणसाला काहीही म्हणा, मासे चोरणारा म्हणू नका. त्याने रॅन्डलच्या हातातून माइक घेतला.

"व्हर्लीनची गाठ सुटली नव्हती," तो म्हणाला. "दोरी शिंपल्यावर तुटली. टोक मी कापलं, कुणाला दिसू नये म्हणून. तिने सकाळीच सांगितलं होतं."

मग लुथर पिकेटने मागून हाक दिली, "कुठली दोरी, डॉयल?"

कुठली ते त्याच्या छातीवर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. लुथरला वाचता येत नव्हतं असं थोडंच होतं. प्रेस्टनने मान हलवून खूण केली, नको, नको. डॉयल घुटमळला. मी शेंग सोलायची थांबले.

"थंडरकोर," तो म्हणाला.

मग मी उठले. रॅन्डलने घाईघाईने ट्रॉफी आमच्या हातात कोंबली आणि सवयीने माइक माझ्यापुढे केला. "मिस व्हर्लीन, आभार कुणाचे मानायचेत?"

"कुणाचे नाहीत. सोमवारी सकाळी दुकान उघडं आहे. मघाशी ज्यांनी ज्यांनी माझ्या गाठी ओढून पाहिल्या, मी नावं घेत नाही, लुथर, त्यांनी आपापली रिळं घेऊन या. तुमच्यासमोर परत बांधून देते."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "आणि डॉयलचं काय?"

"त्यानेही यावं. रांगेत."

सोमवारी तो खरंच आला. अंगात जुना चौकड्याचा शर्ट, हातात माझं रीळ, त्यावर अजून तो पोपट. दुकानात गर्दी होती, तो रांगेच्या शेवटी दाराशी उभा राहिला. लोक सरकून त्याला जागा द्यायला लागले, म्हणाले, पुढे हो डॉयल, तू घरचा माणूस आहेस.

मी मान वर न करता म्हटलं, "राहू दे त्याला तिथेच."